व्हिडिओ गेमचे उद्यापन

व्हिडिओ गेम ‘पूर्ण करणे’ म्हणजे काय, हे कोणाला विचारले त्यावर अवलंबून असते. गेम बनवणाऱ्याच्या मते शेवटचा राक्षस मेला, पडद्यावर नावे सरकू लागली, की गेम पूर्ण. खेळणाऱ्याच्या मते राक्षस मरायला एकच फटका बाकी असताना लाईट गेली, तरी गेम पूर्णच. शेजारी बसून नुसते बघणाऱ्याच्या मते मधली पाण्यातली लेवल गाळल्यामुळे काहीच पूर्ण झालेले नाही. परभणी जिल्ह्यात या वादाला आणखी दोन पक्षकार आहेत, वीज आणि आई. आणि निकाल बहुधा हेच दोघे देतात.

एखादी गोष्ट पूर्ण कधी झाली म्हणायची, याचे शास्त्र मराठी मुलखात फार आधीपासून तयार आहे. सोळा सोमवारांचे व्रत सोळाव्या सोमवारी संपत नाही. त्याचे उद्यापन व्हावे लागते, आणि उद्यापनाचे जेवण झाल्याशिवाय गल्ली ते मान्य करत नाही. हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवलेली नसते, तरी सप्ताह ‘झाला’ तो काल्याचे कीर्तन होऊन दही-लाह्यांचा काला तळहातावर पडल्यावरच. पंढरपुरात तर पूर्णत्वाच्या सरळ तीन पायऱ्या आहेत. विठ्ठलाच्या पायावर डोके टेकले तर पदस्पर्श दर्शन, लांबून चेहरा दिसला तर मुखदर्शन, आणि गर्दीपुढे काहीच चालले नाही तर मंदिराच्या कळसाला हात जोडले तरी वारी पावते. जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यातले, आणि शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखीही परभणी-गंगाखेड वाटेनेच पुढे जाते. त्यामुळे या पायऱ्या इथल्या पोरांना शिकवाव्या लागत नाहीत. गेममधली बारीकसारीक वस्तूसुद्धा न सोडता शंभर टक्के भरणारा तो पदस्पर्शवाला. मूळ कथा शेवटापर्यंत नेणारा तो मुखदर्शनवाला. दुसऱ्याने खेळलेला गेम यूट्यूबवर बघून ‘शेवट लै भारी आहे’ म्हणणारा तो कळसवाला. या तिसऱ्याला पट्टीचे गेम खेळणारे नावे ठेवतात. वारकऱ्यांनी कळसवाल्याला कधी ठेवली नाहीत.

पटावरच्या खेळातही हा घोळ होताच. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट महाराष्ट्रात परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. त्यात शेवटचे घर गाठणे म्हणजे मोक्ष. आजच्या सापशिडीत अठ्ठ्याण्णववर बसलेल्याला नेमके दोनच पडावे लागतात, की सहा पडले तरी चालतात, यावर घरोघरी वेगळा कायदा आहे, आणि हरणारा नेहमी दुसऱ्या घरचा कायदा सांगतो. व्हिडिओ गेमने हा वाद नव्याने आणला नाही. त्याने फक्त वादाला वीज जोडली, आणि ती वीज मराठवाड्याची होती.

व्हिडिओ गेम या भागातल्या घरांत आला तो कॅसेटमधून. जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या यंत्राच्या स्वस्त नकला १९९० च्या दशकात भारतभर विकल्या गेल्या. यंत्र टीव्हीला जोडायचे, वरच्या खाचेत कॅसेट बसवायची. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे ठसठशीत छापलेले असे. आत गेम असत मोजकेच. तेच नाव आणि रंग बदलून पुन्हा पुन्हा येत. पूर्णत्वाच्या हिशेबाला पहिला सुरुंग या कॅसेटने लावला. वीस गेम संपवणाऱ्याचे ९९९९ संपत, आणि असे सांगताना तो खोटे बोलत नसे.

कॅसेट बसवणे हाच एक विधी होता. आधी कॅसेटच्या तोंडात फुंकर, मग यंत्राच्या खाचेत फुंकर, मग दाबून बसवणे. पडद्यावर मुंग्या आल्या, की बाहेर काढून पुन्हा फुंकर. तरीही चित्र आले नाही, तर कागदाची घडी करून कॅसेटच्या पाठीमागे पाचर ठोकायची आणि ‘आता कोणी हलायचं नाही’ अशी ताकीद द्यायची. अडॅप्टर तापत असे, म्हणून घरातला एकमेव टेबल फॅन त्याच्याकडे तोंड करून ठेवला जाई. मे महिन्यातल्या परभणीत माणसे घामाने भिजत आणि अडॅप्टर वारा खाई. एवढी सेवा घेऊनही गेम पूर्ण होऊ द्यायचा की नाही, हे तो आपल्याकडे राखून ठेवी.

या कॅसेटमधला मुख्य गेम म्हणजे १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. त्यात आठ जग, प्रत्येक जगात चार लेवल, एकूण बत्तीस. प्रत्येक जगाच्या शेवटी किल्ला, किल्ल्यात राक्षस, आणि त्याला पाडून आत गेले की एक छोटा सेवक नम्रपणे कळवतो की राजकन्या इथे नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे. असे सात वेळा होते. परदेशी मुलांना ही कथा रहस्यमय वाटली असेल. परभणीतल्या मुलांना ती ओळखीची होती, कारण सातबाऱ्याच्या नकलेसाठी तलाठ्याकडून तहसीलला आणि तहसीलहून पुन्हा तलाठ्याकडे जाऊन आलेले वडील त्याच खोलीत बाजेवर पडलेले असत. राजकन्या आठव्या किल्ल्यात सापडते. मात्र तिला सोडवल्यावर गेम संपत नाही; तो पहिल्यापासून पुन्हा सुरू होतो आणि या वेळी साध्या शत्रूंच्या जागी पक्क्या पाठीची किडे-कासवे येतात. मोक्षाऐवजी पुनर्जन्म, तोही जास्त कष्टाचा.

याच गेममध्ये पूर्णत्वाचा दुसरा पेच आहे. पहिल्या जगाच्या दुसऱ्या लेवलमध्ये छतावरून पळत गेले, की गुप्त नळ लागतात आणि थेट चौथ्या जगात जाता येते. चौथ्या जगातून तसेच आठव्यात. म्हणजे बत्तीसपैकी आठ लेवल खेळून राजकन्या सुटते. नळमार्गाने गेलेला आणि बत्तीसही लेवल चालत गेलेला, दोघांचेही ती सारखेच आभार मानते. चालत गेलेल्याला हे अजून पचलेले नाही. दिंडीबरोबर पायी गेलेला आणि एसटीने एकादशीला उतरलेला यांच्यात चंद्रभागेच्या वाळवंटात जो अबोला असतो, तोच इथे असतो. एसटीवाल्यांनी ही विद्या जगात फार पुढे नेली आहे. नळमार्गाने हा गेम पाच मिनिटांच्या आत संपवणारे खेळाडू आहेत, आणि ते सेकंदाच्या शतांशावरून एकमेकांचे विक्रम मोडतात.

पाच मिनिटांचा हा विक्रम इथल्या पोरांना माहीत असता तर त्यांनी त्याला शौक म्हटले नसते, गरज म्हटली असती. मारिओत सेव्ह करण्याची सोय नव्हती. लाईट गेली, की आठव्या जगातला मारिओ पहिल्या जगात, पहिल्या विटेखाली. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने रोज अनेक तासांच्या भारनियमनात काढली. पुढे महावितरणने वीजगळती आणि बिलवसुली बघून फीडरांचे गट पाडले. गळती जेवढी जास्त, गट तेवढा खालचा आणि अंधार तेवढा लांब. म्हणजे मारिओच्या लेवलचे भवितव्य गल्लीच्या फीडरच्या लेवलवर ठरू लागले. लाईट जायच्या वेळा पोरांना शाळेच्या वेळापत्रकापेक्षा पक्क्या पाठ असत. ठरलेल्या वेळी लाईट गेली तर तो नियम. पण भलत्याच वेळी, किल्ल्याच्या पुलावर असताना गेली, तर तो अन्याय. आणि अशा वेळी ‘पूर्ण झाल्यातच जमा’ असा एक खास दर्जा दिला जाई. हा दर्जा खेळणारा स्वतःच स्वतःला देई. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही जुनी म्हण या खेळाचे घटनापत्र ठरली. जमले तर राजकन्या, नाहीतर पहिली वीट.

पूर्णत्वाचा पुरावा हा पुढचा प्रश्न. मोबाइलमध्ये कॅमेरे येण्याआधी गेम संपवल्याचा एकच पुरावा होता, साक्षीदार. त्याच्या पात्रतेचे नियम कडक होते. सख्खा भाऊ चालत नसे, कारण तो फितूर किंवा शत्रू यांपैकी एक असे. ज्याच्या घरी यंत्र होते तोही चालत नसे. त्याच्या स्वतःच्या दाव्यांचीच चौकशी चालू असे. उत्तम साक्षीदार म्हणजे सुट्टीला आलेला आतेभाऊ. तो आठ दिवसांनी सेलूला किंवा जिंतूरला परत जाई आणि त्याची उलटतपासणी थेट दिवाळीपर्यंत लांबणीवर पडे. कोणीही न बघता दुपारी एकट्याने संपवलेला गेम संपलेला धरत नसत. अशा माणसाचे दुःख मोठे असते. राजकन्या सुटलेली त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते आणि गल्ली त्याला ‘मग आत्ता करून दाव’ म्हणते.

व्हिडिओ गेम पार्लरमध्ये साक्षीदारांची ददात नव्हती. तिथला राजा होता १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. हे नाव भारतात फार कोणी उच्चारले नाही. त्यातल्या चार नायकांपैकी पिवळ्या टोपीच्या मुस्तफाचे नाव गेमलाच पडले आणि आठ टप्प्यांचा हा खेळ सर्वत्र ‘मुस्तफा’ म्हणून ओळखला गेला. इथे पूर्णत्वाची व्याख्या पैशात होती. कॉइनवर कॉइन टाकत शेवट कोणीही गाठेल; एका कॉइनात गाठला तरच तो गाठला. पार्लरवाल्याचे मत याच्या अगदी उलट होते. पंचवीस कॉइन घालून संपवणारा त्याच्या लेखी खरा खेळाडू. एका कॉइनात संपवणारा आला, की तो मशिनची खटक्याची जोडणी तपासायला उठे, आणि शेवटचा राक्षस समोर असतानाच ती नेमकी ढिली निघे.

संगणक आला तेव्हा गेमने टेबलखुर्ची घेतली आणि त्याला अभ्यासाचा वास लागला. एमएस-सीआयटीच्या वर्गात शिकवणाऱ्याची पाठ वळली, की पडद्यावर सॉलिटेअर उघडे. सॉलिटेअरचा शेवट मात्र निर्विवाद आहे: डाव जुळला, की पत्ते पडद्यावरून धबधब्यासारखे उड्या मारत कोसळतात आणि सगळ्या वर्गाला दिसतात, शिकवणाऱ्यालाही. फ्रीसेलमध्ये वेगळीच गंमत आहे. विंडोजच्या जुन्या फ्रीसेलमध्ये क्रमांक दिलेले ३२,००० डाव होते. १९९० च्या दशकात शंभरावर खेळाडूंनी ते वाटून घेऊन सोडवले, आणि एकच डाव कोणालाच सुटला नाही, क्रमांक ११,९८२. सगळे डाव सोडवीन अशी प्रतिज्ञा केलेल्या माणसाच्या वाट्याला हा एक डाव जन्मभर येतो. पत्त्यांचे हे वेड कचेऱ्यांत शिरले आणि थेट सभागृहापर्यंत पोहोचले. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधान परिषदेत तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा गेम दिसल्याची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, अचानक आलेली जाहिरात बंद करत होतो, असा खुलासा त्यांनी केला, आणि पुढच्या खातेबदलात त्यांच्याकडे क्रीडा खाते आले. डाव पूर्ण झाल्याचा दावा मात्र कोणत्याही पक्षाने केलेला नाही.

त्यानंतरच्या पिढीचा गेम म्हणजे २००२ चा ‘जीटीए व्हाइस सिटी’. सायबर कॅफेत तासाच्या भाड्याने तो खेळला गेला, आणि फार थोड्यांना त्याला कथा आहे हे ठाऊक होते. वहीच्या शेवटच्या पानावर चीट कोड लिहिलेले असत. ‘पँझर’ टाइप केले की रणगाडा येई. रणगाडा आला, की तासाभरात शहर संपे. कथेच्या मागे लागलेल्यांची वाट एका खेळण्यातल्या हेलिकॉप्टरने अडवली. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत त्या हेलिकॉप्टरने चार बॉम्ब नेऊन ठेवायचे असतात. ते जिन्यात आपटते, भिंतीला घासते, आणि वेळ सरते. गेम इथेच सोडलेल्यांची एक अख्खी पिढी आज पुण्याच्या कंपन्यांत कामाला आहे आणि विषय निघाला, की अजून हेलिकॉप्टरला दोष देते. ज्यांनी चिकाटीने शंभर लपवलेली पुडकी शोधली, दुकाने लुटली, उड्या मारल्या आणि खरोखर शंभर टक्के भरले, त्यांना गेमने इतर बक्षिसांबरोबर एक टी-शर्ट दिला. त्यावर लिहिले होते की एवढे करून आपल्याला हा फुटकळ टी-शर्टच मिळाला.

शंभर टक्क्यांचे बक्षीस असेच असते, हे पुढे जपानने आणखी स्पष्ट केले. २०१७ च्या ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये ९०० बिया लपवलेल्या आहेत. बहुतेक खेळाडू काहीशे गोळा करून थांबतात. नऊशेही शोधणाऱ्याला मिळते ती एक सोनेरी वस्तू, आकाराने थेट शेणाची पोह. उद्यापनाच्या दिवशी निदान पुरणपोळी मिळते.

काही गेमांना शेवटच नसतो; तिथे यंत्र स्वतः हात टेकते. १९८० च्या ‘पॅकमॅन’मध्ये २५६ वी पायरी आली, की लेवल मोजणारा आकडा उतू जातो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्याने भरतो. ‘टेट्रिस’मध्ये ठोकळे पडतच राहतात. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या तेरा वर्षांच्या एका मुलाने त्याची निन्टेंडो आवृत्ती १५७ व्या लेवलपर्यंत नेली आणि गेमच गोठला; माणसाकडून असे पहिल्यांदाच झाले. जगाने कौतुक केले. ब्रिटनमधल्या एका वृत्तनिवेदिकेने मात्र, एक आई म्हणून, त्याला पडद्यापासून उठून बाहेर मोकळ्या हवेत जायला सुचवले. टेट्रिस जिंकून आयुष्यात काय होणार, असा तिच्या बोलण्याचा रोख होता. आईच्या न्यायालयाला जिल्ह्याची हद्द नसते. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका खेळाडूने, गोठू नये म्हणून बदललेल्या आवृत्तीवर, २५५ वी लेवल ओलांडली, आणि आकडा शून्यावर येऊन गेम पहिल्यापासून सुरू झाला. या प्रकाराला तिकडचे खेळाडू ‘पुनर्जन्म’च म्हणतात.

मोबाइलवरच्या गेमांनी तर शेवट पुढे ढकलण्याचा धंदाच केला. २०१२ पासून चालू असलेल्या ‘कँडी क्रश’मध्ये हजारो लेवल आहेत आणि नव्या येतच राहतात. शेवट गाठलेल्या काकूंना पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायला सांगितले जाते. नकाशा बदलला, की जुने शंभर टक्के शंभर राहत नाहीत, हा अनुभव जिल्ह्याने उलट्या दिशेने घेतलेला आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाला आणि औंढा नागनाथासह पाच तालुके परभणीच्या नकाशातून गेले. आदल्या दिवसापर्यंत ज्याचा अर्धाच जिल्हा बघून झाला होता, त्याची टक्केवारी घरबसल्या वाढली.

सरकारने पूर्ण केलेला गेमही एक आहे. पब्जीत शंभर जण उतरतात, शेवटी एक उरतो, आणि त्याला ‘चिकन डिनर’ जाहीर होते. एकादशीच्या दिवशी हा विजय मनातल्या मनात साजरा करावा लागे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पब्जी गेला. २०२१ मध्ये तो नाव बदलून परत आला, २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. शंभरातला शेवटचा माणूस कोण, हे दरवेळी दिल्लीतच ठरले.

राहता राहिला सर्वांत मोठा वर्ग, अर्धवट सोडलेल्यांचा. दहावीचे वर्ष आले, यंत्र माळ्यावर गेले, अडॅप्टर पाहुण्याने नेला, आणि मारिओ सातव्या जगात तसाच उभा राहिला. या वर्गाचीही सोय एका गेमने करून ठेवली आहे. २०१३ च्या ‘स्टॅनली पॅरेबल’मध्ये एक सन्मान असा आहे की तो मिळवण्यासाठी पाच वर्षे गेम उघडायचाच नाही. इथल्या बहुतेकांनी असे सन्मान बारावीआधीच कमावलेले असतात, फक्त त्यांच्या नावावर ते लागलेले नसतात.

या सगळ्या प्रकारांतून निष्कर्ष एकच निघतो. नावे सरकणे, शंभर टक्के, एक कॉइन, साक्षीदाराची ग्वाही ही पूर्णत्वाची लक्षणे आहेत, व्याख्या नव्हे. लाईट जाणे, भाड्याचा तास भरणे, आईने प्लग काढणे आणि केंद्राची अधिसूचना हे व्यत्यय आहेत, शेवट नव्हे. लाईट असताना, वेळ असताना, कोणी ओरडत नसताना खेळणाऱ्याने आपणहून रिमोट खाली ठेवला, आणि ‘बास, झालं’ असे म्हटले, तरच गेम पूर्ण झाला. असे घडलेले आजवर फारसे कोणी पाहिलेले नाही. आणि जिल्ह्यात पूर्ण या नावाचे जे एकमेव ठिकाण आहे, ते पूर्णा, रेल्वेच्या नकाशावर शेवटचे स्थानक नाही. ते जंक्शन आहे. तिथून एक गाडी नांदेडकडे जाते आणि दुसरी अकोल्याकडे.